रातिबोर्झित्सेहून परतल्यावर

प्राग, रविवारची रात्र

प्रिय बाळू,

तुझं पत्र मिळालं. ‘घरचं सगळं मार्गी लागलं की आजीवर लिहायला घेईन’ हे तुझं वाक्य आज दिवसभर माझ्या डोक्यात होतं, कारण मी नेमका रातिबोर्झित्सेला गेलो होतो. झेक लेखिका बोझेना न्येम्त्सोव्हाच्या गावी. इथल्या पाचशे कोरुनांच्या नोटेवर तिचाच चेहरा आहे.

उपा नदीचं खोरं, कुरणं, जुनी पाणचक्की. तिथल्या डचेसच्या पदरी बोझेनाचे वडील घोड्यांचं बघायचे, आई कपडे धुवायची. 1825 मध्ये आजी, माग्दालेना नोव्होत्ना, त्यांच्याकडे राहायला आली. ती नातवंडांत राहिली ती काही वर्षंच. तेवढ्या शिदोरीवर नातीनं ‘बाबिच्का’ लिहिली. बाबिच्का म्हणजे आजीच. त्यातली आजी जमिनीवर सांडलेला पावाचा कणही तुडवू देत नाही. म्हणते, त्यानं मेलेल्यांचे अडकलेले जीव रडतात. भाकरीला पाय लागला की आपल्याला नमस्कार करायला लावायच्या त्या आपल्या आज्याच की रे!

आता हे पुस्तक कधी लिहिलं ते बघ. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं, नवरा पंधरा वर्षांनी मोठा, महसूल खात्यात नोकरीला. सतत बदल्या, चार मुलं. 1848 च्या उठावानंतर दोघांवर पोलिसांची नजर, पुढे पैशांची चणचण. 1853 च्या ऑक्टोबरात थोरला हिनेक क्षयानं गेला. पंधरा वर्षांचा होता. त्यानंतर तिनं आजी लिहायला घेतली आणि 1855 मध्ये पुस्तक आलं. इतकं उजेडाचं पुस्तक त्या घरात लिहिलं गेलं, याचा विचार केला की माझा घसा दाटून येतो.

आणि ते नुसतं गोड नाही. नदीच्या बांधापाशी मी बराच वेळ उभा होतो. पुस्तकातली, शिपायामागे गेलेली विक्तोर्का भ्रमिष्ट होऊन परतते, तान्हं मूल त्याच पाण्यात टाकते, रानात राहते आणि शेवटी अंगावर वीज पडून मरते. गाव तिला हाकलत नाही, अन्न देतं. तिच्याबद्दल बोझेनानं दोषाचा एक शब्द लिहिलेला नाही. मला सगळ्या पुस्तकात हाच भाग सर्वांत मोठा वाटतो.

1861 च्या अखेरीस ती नवऱ्यापासून दूर लितोमिश्लला राहिली, आजारी आणि कफल्लक, आपल्याच पुस्तकांच्या नव्या आवृत्तीचं काम करत. 21 जानेवारी 1862 ला प्रागमध्ये गेली. चाळिशी नुकतीच ओलांडली होती. तिचं थडगं व्हिशेह्रादला आहे, माझ्या घरापासून ट्रामनं वीस मिनिटं. बुधवारी फुलं घेऊन जाईन.

तुझ्या वहीतली पानं, जशी असतील तशी, खाडाखोडीसकट पाठव. आजी जात्यावर बसायची त्या पहाटेचं तू एकदा सांगितलं होतंस, ते आधी.

तुझाच,
नाना