सांडपाण्याचे मॉडेल आमच्या पावसात तपासा

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
कर्नाटक राज्य

महोदय,

वडगाव-शहापूर शिवारात ज्यांची भातशेती आहे, त्यांना बळ्ळारी नाल्याची ओळख करून द्यावी लागत नाही. उन्हाळ्यात तो काळा आणि संथ असतो. आषाढात तोच बांध ओलांडून पिकात शिरतो आणि त्यातले शहराचे सांडपाणी कोणते, पावसाचे पाणी कोणते, हे सांगता येत नाही. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत यापुढे मेम्ब्रेन बायोरिअ‍ॅक्टरचा, म्हणजे जिवाणू आणि गाळणीचा पडदा वापरून सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाचा, विचार होईल, तेव्हा तो कसा चालेल याचा अंदाज देणारे गणिती मॉडेल इथल्याच सांडपाण्यावर, पावसाळ्यासकट, तपासल्याशिवाय निविदा काढू नये, एवढीच विनंती आहे.

पद्धत चांगली आहे, हे आधीच मान्य करतो. नेहमीच्या पद्धतीत जिवाणूंचा गाळ खाली बसण्याची वाट पाहावी लागते. इथे सुमारे 0.1 मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यातून पाणी ओढून घेतात आणि गाळ मागे राहतो. त्यामुळे टाकीत लिटरमागे 8 ते 12 ग्रॅम गाळ ठेवता येतो आणि जागा कमी लागते. प्रकल्पासाठी पिकाऊ जमीन जाण्याची धास्ती ज्या भागात आहे, तिथे हा गुण लहान नव्हे.

अडचण मॉडेलची आहे. अशा मॉडेलांच्या पायाशी बहुधा 1987 सालचे एएसएम-1 (जिवाणूंच्या गाळाने सांडपाणी शुद्ध होण्याचे गणिती मॉडेल) असते. त्यात 13 घटक आणि 8 प्रक्रिया आहेत, पण ते पडद्यासाठी लिहिलेलेच नाही. जिवाणू जी चिकट द्रव्ये सोडतात आणि ज्यांनी छिद्रे बुजतात, त्यांचा हिशेब त्यात वेगळा जोडावा लागतो. शिवाय सांडपाण्यातला किती भाग लगेच कुजतो, किती सावकाश आणि किती मुळीच नाही, हे गावागणिक बदलते. गाळ टाकीत बरेच दिवस राहत असल्याने न कुजणारा भाग साचत जातो आणि सुरुवातीच्या अंदाजातली छोटी चूक पुढे फुगते.

नोकरीत असताना एका गृहसंकुलाचा असा छोटा प्रकल्प मी दोन पावसाळे सांभाळला. आराखडा दिवसाच्या सरासरी प्रवाहावर बेतलेला होता. जूनपर्यंत पडद्यातून पाणी ओढायला लागणारा दाब दाखवणारा पंपावरच्या मापकाचा काटा 0.1 बारच्या आसपास होता. पहिल्या मोठ्या पावसात गच्चीचे पाणी चेंबरमध्ये मिसळले, ते ओढायला आम्ही पंपाचा वेग वाढवला आणि चार दिवसांत काटा 0.4 वर गेला, म्हणजे पडदे बुजू लागले. क्लोरीनने पडदे धुतले की दोन दिवस बरे, पुन्हा तेच. शेवटी जादा पाणी प्रक्रियेविना सोडावे लागले. दोष पडद्याचा नव्हता. आम्हाला दाखवलेल्या मॉडेलच्या आलेखात पावसाळाच नव्हता.

म्हणून नमुने वर्षभर घ्यावेत, आणि तेही कचेरीच्या वेळेत दिवसातून एकदा नव्हे, तर सकाळी सहा ते नऊच्या लोंढ्यात आणि जुलैच्या झडीतही. माणशी 135 लिटर पाणी आणि त्याचे 80 टक्के सांडपाणी, हा हिशेब कागदावर ठीक आहे. पण जिथे नळ रोज येत नाही, तिथे गटारही नळाच्या वेळापत्रकाने वाहते. मॉडेलचे आकडे उन्हाळी नमुन्यांवर बसवावेत आणि पावसाळी नमुन्यांवर पडताळावेत, कारण ज्यांवर बसवले त्यांच्याशी ते जुळणारच. विजेचा खर्चही त्यातच मोजावा. गाळ दाट झाला की प्राणवायू पाण्यात मुरणे अवघड होते, पडदे स्वच्छ ठेवायला वेगळी हवा सोडावी लागते, आणि बिल पेलवेनासे झाले की सर्वांत आधी ही हवा सोडणारा ब्लोअर बंद होतो.

मॉडेलचे निष्कर्ष, त्यातल्या गृहीत आकड्यांसह, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत नागरिकांना पाहायला मिळावेत. या पत्राची कन्नड प्रत सोबत जोडली आहे. नमुने घेणारे पथक भर पावसात नाल्यापर्यंत येणार असेल, तर बांधावरची वाट आम्ही दाखवू.

आपला,
एक निवृत्त अभियंता आणि शेतकरी
वडगाव, बेळगाव