बाबा, वारा ताऱ्यांचाच

ति. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

पत्राला उशीर झाला, पण तब्येत ठणठणीत आहे. आई, थंडीची काळजी करू नकोस. बर्फ बाहेर आहे, घरात हीटर चालू असतो. फक्त म्युनिककडच्या लोकांची एक पद्धत मला अजून पचलेली नाही. बाहेर कितीही गारठा असो, सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. आधी हीटर बंद, मग समोरासमोरच्या खिडक्या एकदम. एखादीच किलकिली करून ठेवलेली चालत नाही, भिंती गार पडून बुरशी धरते. अंघोळीनंतर वेगळं, स्वयंपाकानंतर वेगळं. माझ्या भाडेकरारातच लिहिलंय! तेवढा वेळ मी तुझी शाल गुंडाळून बसते. फोनवर ऐकलास तो ठसका होता, खोकला नव्हे.

बाबा, तुम्ही विचारलंत, “अभ्यास ताऱ्यांचा, मग हा वारा कसला?” वारा ताऱ्यांचाच. सप्तर्षींच्या भागात एम ८२ नावाची दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह, आहे, सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर. शेजारच्या एम ८१ ह्या दीर्घिकेच्या ओढीने तिच्या गाभ्यात वायू गोळा झाला आणि तिथे भराभर तारे जन्मू लागले. आपल्या सूर्याचं वय ४६० कोटी वर्षं, पण यातले जडशीळ तारे तीन-चार कोटी वर्षांच्या आतच फुटतात. असे स्फोट एकामागून एक झाले की तापलेला वायू दीर्घिकेच्या तबकडीच्या वर आणि खाली उसळतो, सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने. तोच हा वारा. फोटोत दोन्ही बाजूंना हायड्रोजनचे तांबडे धागे सुटलेले दिसतात. आणि पुढचे तारे घडायचे ते ह्याच वायूतून! काही भाग परत खाली येतो, काही कायमचा जातो. किती जातो आणि किती परततो, ते आम्ही वर्णपटावरून, म्हणजे आलेला प्रकाश रंगांत फोडून, काढतो. फार मन लावून करते आहे हे काम. एप्रिलमध्ये गच्चीवरून उत्तरेला सप्तर्षी बघा. दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, पण दिशा तीच.

मी ६० हजार पाठवले आहेत. आधी कर्जाचा हप्ता, उरलेले बाबांच्या मोतीबिंदूला. अवकाळीने बाग गेली म्हणून ऑपरेशन पुढे ढकलू नका. तेव्हा मी नसेन, पण दादा-वहिनी आहेत, आणि थेंबांच्या वेळेला मी रोज फोन करीन. सिन्नरच्या स्थळाला नाही म्हणून कळवा. मुलगा चांगलाच असेल, पण होकार देऊन त्याला वाट बघायला लावणं बरं नाही. मामीशी मी स्वतः बोलते. मे महिन्याची रजा मागितली आहे. नाहीच मिळाली तर दिवाळीला येते, ह्या वेळी नक्की. आजीला एवढ्यात काही सांगू नका.

तुमची लेक