असले विचित्र सिनेमे गोव्यात वर्षभर दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इफ्फी म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात होतोय. नोव्हेंबरात पणजीत दिव्यांची रोषणाई होते, पेपरात रेड कार्पेटचे फोटो येतात आणि मग डिसेंबर उजाडला की सगळं चिडीचूप. वेगळ्या वाटेचा सिनेमा बघायचा तर पुढच्या नोव्हेंबरपर्यंत थांबा! त्यातही प्रयोगशील, विनोदी, अगदी विक्षिप्त वाटणारा सिनेमा तर आपल्याकडे कोण दाखवतच नाही. लोक म्हणतात डोक्यावरून जातं, पण मला हे पटत नाही म्हणून हे पत्र.

हितो श्टायर्ल ही जर्मन फिल्ममेकर, जन्म १९६६ चा, म्युनिकचा. तिची २०१३ ची एक छोटी फिल्म आहे, 'हाऊ नॉट टू बी सीन' अशी नावाची सुरुवात, जेमतेम पंधरा-सोळा मिनिटांची. कॅमेऱ्यापासून अदृश्य कसं व्हायचं याचे पाच धडे, आणि शाळेत दाखवायच्या माहितीपटासारखा एक कोरडा मशीनी आवाज ते शिकवतो. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात विमानातले कॅमेरे तपासायला जमिनीवर आखलेले मोठमोठे पट्टे आहेत, तिथे हे चाललंय. १९९६ साली एक पिक्सेल (फोटोतला सगळ्यात लहान ठिपका) म्हणजे जमिनीवरचे १२ मीटर होते आणि आता एक फूट, म्हणजे लपायचं तर माणसाने एका पिक्सेलपेक्षा लहान व्हायला हवं, असं तो आवाज अगदी गंभीरपणे सांगतो आणि मग डोक्यावर चौकोनी खोके घातलेली माणसं पिक्सेल बनून नाचायला लागतात. बाई स्वतः तोंडाला हिरवा रंग फासते आणि रंग लागेल तसा तिचा चेहरा मागच्या चित्रात विरघळत जातो. हसून हसून पुरेवाट होते.

आणि मग अदृश्य व्हायच्या युक्त्यांची एक यादी येते. त्यात गेटवाल्या सोसायटीत राहणं आहे, सुपरहिरो असणं आहे, आणि त्याच आवाजात, त्याच वेगात, पन्नाशी उलटलेली बाई असणं, कागदपत्रं नसणं, गरीब असणं हेही आहे. इथे हसू घशातच अडकतं.

मला ताबडतोब आमच्या शेजारची काकी आठवली. जन्म गेला काजूच्या फॅक्टरीत बिया फोडण्यात. सालीतल्या तेलाने कातडी जळते हे ज्यांच्या घरात हे काम झालंय त्यांना सांगायला नको. तिच्या बोटांवर रेषाच उरल्या नाहीत. रेशनच्या दुकानात ती अंगठा पदराला पुसते, मशीनवर टेकवते, मशीन नाही म्हणतं, मग दुसरं बोट, मग दुसरा हात, दुकानदार म्हणतो काकी हात धुवून ये, आणि मागच्या रांगेतल्या प्रत्येकाला ती कोण हे पक्कं ठाऊक आहे, फक्त मशीनला नाही. शेवटी ओटीपी मुलाच्या मोबाईलवर, मुलगा वास्कोत ड्युटीवर.

आणखी एक बघा. १९६१ च्या आधी जन्मलेल्या किती गोंयकारांचा जन्मदाखला पोर्तुगीज स्पेलिंगचा आहे, शाळेच्या दाखल्यावर नाव वेगळं, नव्या कार्डावर तिसरंच. माणूस एकच, पण कॉम्प्युटरला तीन दिसतात, आणि मी एकच आहे असं अॅफिडेव्हिट करायला म्हाताऱ्या माणसाने उन्हातान्हात नोटरीकडे फेऱ्या मारायच्या. हा विषय परदेशातला आहे असं कोण म्हणेल?

डोक्यावरून जातं म्हणणाऱ्यांना मी पेडण्यातल्या दशावताराची आठवण करून देईन. त्यातला संकासूर राक्षस वेद चोरून आणतो आणि भटजीशी वाट्टेल ते बरळतो, कशाचा कशाला मेळ नसतो, आणि अख्खा गाव रात्र जागवून तो बघतो, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या देशातही फिल्म्स डिव्हिजनच्या सरकारी नोकरीत राहून प्रमोद पती यांनी १९६८ साली 'एक्सप्लोरर'सारखी चक्रावून टाकणारी फिल्म केली होती. म्हणजे परंपरा आहे, प्रेक्षक आहे, नाही ती फक्त जागा.

जागाही आहे खरं तर. मडगाव, साखळी, कुडचडेला रवींद्र भवन आहे, आमच्या फोंड्यात कला मंदिर आहे. इफ्फीचं आयोजन बघणाऱ्या गोवा सरकारच्या एंटरटेन्मेंट सोसायटीने महिन्यातला एक शनिवार अशा छोट्या प्रयोगांना द्यावा, दोन-तीन फिल्म, खाली मराठी किंवा कोंकणी सबटायटल आणि नंतर अर्धा तास गप्पा. फार खर्चाचं काम नाही हे. आणि निम्मा वेळ आपल्या इथल्या पोरांच्या फिल्मना राखून ठेवावा, मोबाईलवर शूट करून ही मुलं काय काय भन्नाट करतायत ते एकमेकांच्या फोनवरच राहतं, मोठ्या पडद्यावर कधी येतच नाही.

फोंड्यात पहिला शनिवार ठरला तर काकीला आणि तिच्याबरोबर काम केलेल्या बायकांना घेऊन यायची जबाबदारी माझी. फिल्मनंतरच्या गप्पांत पहिल्यांदा त्यांना बोलू द्या.

– एक वाचक, फोंडा