रमाबाई नगरच्या साक्षीदार मावशींना

मावशी, जय भीम.

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

११ जुलै १९९७ ला सकाळी घाटकोपरच्या आपल्या वस्तीत बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक निषेधाला रस्त्यावर आले आणि नि:शस्त्र माणसांवर पोलिसांच्या गोळ्या चालल्या. १० जण गेले. तुमच्या घरातलं त्यात कुणी नव्हतं. तुम्ही गप्प राहिला असता तर कुणी बोल लावला नसता. आपल्यालाच कुठल्यातरी केसमध्ये गुंतवतील ही धास्ती तेव्हा घरोघरी होती. तरी साक्षीदारांच्या यादीत तुम्ही स्वतःहून नाव दिलंत.

जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, असं सांगितलं गेलं. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ते मानलं नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला. पुढे खटला उभा राहिला आणि तारखा सुरू झाल्या. समन्सचा कागद तुम्ही दुधाच्या पिशवीत गुंडाळून डब्यात, रेशनकार्डाखाली ठेवायचात. तारीख पडली की धुण्याभांड्याची कामं बुडायची, पगार कापला जायचा. कोर्टात समोरच्या वकिलाने दरडावून विचारलं, "घड्याळ नव्हतं तर वेळ कशावरून सांगता?" तुम्ही म्हणालात, "नळाला पाणी होतं साहेब. माझा दुसरा हंडा भरायचा राहिला, तो राहिलाच." त्याने तीन-तीनदा फिरवून विचारलं, पण तुमचं उत्तर तसूभरही हललं नाही. मी मागच्या बाकावर होतो. माझ्या भावाच्या मांडीत गोळी घुसली होती आणि त्याच्या वतीने इतकं ठाम बोलणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मे २००९ मध्ये, १२ वर्षांनी, सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप सुनावली. त्याला लवकरच हायकोर्टातून जामीनही मिळाला. एवढ्याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण आपली माणसं दंगलखोर म्हणून मेली नाहीत, हे कोर्टाच्या कागदावर आलं ते तुमच्यासारख्यांनी रोजगार बुडवून तोंडी सांगितलं म्हणून. भाऊ आजही तेच म्हणतो.

मावशी, तुमच्या जबानीची नक्कल काढायची आहे. माझी मुलगी आता वकिली शिकतेय, तिला ती वाचायचीय. रविवारी तिला घेऊन येतो. मनापासून आभार.

तुमचा,
मागच्या गल्लीतला