लेंडीपिंपळी लावताना आधी वेल पाहा

मा. संपादक, स.न.वि.वि.

झाडांच्या सावलीत येणारी वनौषधी म्हणून लेंडीपिंपळीची शिफारस होते, ती रास्तच आहे. पण वेल फोफावली, फळ मात्र दिसत नाही, ही तक्रारही नेहमीची. याचे एक मोठे कारण रोपातच असते. पिंपळीत नर वेल वेगळी, मादी वेगळी. नराचे कणीस लांब आणि बारीक; मादीचे आखूड, जाड, दीड-दोन सेंटिमीटरचे. विकली जाते ती हीच पिंपळी. कणीस नसताना दोन्ही वेली सारख्याच दिसतात, म्हणून कणसे असतानाच मादी वेलींना खूण करून ठेवावी आणि छाट कलमे त्यांचीच घ्यावीत. रोपवाटिकेतून रोपे घेतानाही मातृवेल पाहायला मागावी.

तीन ते पाच पेरांचे तुकडे मार्च-एप्रिलमध्ये पिशव्यांत लावले की पावसाच्या तोंडावर रोपे तयार होतात. अंतर ६० × ६० सेंटिमीटर. झाडांची मुळे तोडून वाफे करण्याची गरज नाही. छोटे खड्डे आणि कुजलेले शेणखत पुरते.

दुसरे कारण सावली. पाव ते निम्मी सावली हवी. गर्द छायेत नुसती पाने वाढतात. तिथे खालच्या फांद्या विरळ कराव्यात. उन्हाळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन आणि आठवड्याला पाणी आवश्यक. तोच पाला पावसाळ्यात खोडाला चिकटून राहिला तर वेल सडते, तेव्हा तो बाजूला सारावा आणि पाणी साचू देऊ नये. सड रोखण्यासाठी पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे: १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचे, उलट नाही. भांडी प्लास्टिकची. स्वच्छ विळा बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, थोडा वाढवावा. त्याच दिवशी फवारावे, मिश्रण शिळे चालत नाही.

कणसे पिकू देऊ नयेत. हिरवट-काळी, टणक असतानाच खुडावीत. तिखटपणा तेव्हाच असतो. चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवल्यावर दहा किलो ओल्या मालाचा सुमारे दीड किलो उरतो. तिसऱ्या वर्षानंतर उतारा घटला की मुळे काढून पिंपळमूळ म्हणून विकता येतात. नवी कलमे मात्र त्याआधीच करून ठेवावीत.

आपले,
वनौषधी लागवड करणारे काही वाचक