मिरजेच्या चाचांना, माझ्या तानपुऱ्याबद्दल

चाचा, नमस्कार. तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहितीये, पण नातू वाचून दाखवेल म्हणून इथंच लिहितेय, आणि चार लोकांना कळलं तर बरंच आहे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा आमच्या सगळ्या ग्रुपवर अभिनंदनाचा नुसता पाऊस पडला, छानच झालं, तो मान कधीच मिळायला हवा होता, पण मला मात्र २०१९ चा ऑगस्टच आठवत होता आणि वाटत होतं की तुम्ही वाद्यं घडवणारे लोक नेमकं काय करता ते कुणीतरी सविस्तर सांगायला पाहिजे.

बाहेरच्यांसाठी सांगते, त्या वर्षीच्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. आमचं घर गावभागात. २००५ ला पाणी जिथवर आलं होतं त्याच्याही वर, पलंगावर टेबल आणि टेबलावर तानपुरा असं सगळं रचून आम्ही बाहेर पडलो होतो. पाणी उतरल्यावर बघतोय तर टेबल आडवं आणि तानपुरा पार दुसऱ्या खोलीच्या दारात अडकलेला, पोकळ वाद्य ते, तरंगत गेलं असणार. गवसणी, म्हणजे वाद्याची कापडी खोळ, चिखलानं जड झालेली, तबलीचा, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाचा, सांधा उघडलेला, भोपळ्यात गाळ आणि दोन खुंट्या गायब. फ्रिज गेला, कपाटं गेली, त्याचं मला काही वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण रडायला आलं ते ती गवसणी उघडल्यावर.

तो माझ्या गाण्याच्या बाईंचा तानपुरा. त्यांनी तो जाण्याआधी मला दिला, आणि दिला म्हणजे काही समारंभ वगैरे नाही, "घेऊन जा गं, इथं धूळ खातोय" एवढंच. त्याच्यावरच मी सा लावायला शिकले.

लोकांनी सल्ले दिले. नवीन घे, इलेक्ट्रॉनिक घे, ॲप आहे की फुकट. ॲप मीही वापरते, प्रवासात बरं पडतं, त्याच्याशी माझं भांडण नाही. एका दुकानात तर हा टाका आणि नव्यावर सूट घ्या म्हणाले. मग कुणीतरी सतारमेकर गल्लीत तुमच्याकडं पाठवलं.

तुम्ही आधी काहीच बोलला नाहीत. भोपळा मांडीवर घेतला, आत हात घालून चाचपला, चार ठिकाणी टिचकी मारून कान लावला आणि म्हणालात, "भोपळा जगलाय. तबली गेली. दांडी वाळल्यावर सांगतो, आत्ता शब्द देत नाय." चाचा, मला खरे आभार मानायचेत ते याचेच. त्या महिन्यात जो तो "होऊन जाईल सगळं" म्हणत होता, आणि तुम्ही एकटे काय राहील आणि काय जाईल ते तोंडावर सांगत होता.

घाई तर तुम्ही अजिबात केली नाहीत. उन्हात ठेवला तर भोपळा तडकतो म्हणून सावलीत टांगून ठेवलात, मी फोन केला की "वाळतोय" एवढंच उत्तर. मला तेव्हा राग यायचा, आता सांगायला हरकत नाही. पंढरपूरकडच्या शेतातला तो कडू भोपळा मुळात कितीतरी महिने वाळवून मग वाद्याला घेतात, हे तुमच्याकडं येऊन बसल्यावर कळलं.

नंतर पॉलिशच्या वेळी तुम्ही मुद्दाम बोलावून घेतलंत. दांडीवर जिथं बाईंचा तळवा टेकायचा तिथला रंग वर्षानुवर्षं घासून गेलाय, आतलं लाकूड दिसतं. तुम्ही विचारलंत, "हे घालवू का ठेवू?" मला बोलता येईना. तुम्ही मान हलवलीत आणि पोराला सांगितलंत, एवढी जागा सोडून हात मार.

आणि जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचा माथा घासून आवाजाला गुंजन आणणं! गाण्यातल्या लोकांनी एकदा तरी ती समोर बसून बघावी. घोडीच्या माथ्यावर कानस जेमतेम फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं, परत उतरवायची. शेवटी तारेखाली सूत सरकवत सरकवत एका जागी आलात आणि खर्ज, म्हणजे खालच्या सा ची तार, छेडून म्हणालात, गंधार येतोय का बघा. आला हो! पितळी खर्जातून, कुठल्याच तारेला न लावलेला, स्वच्छ गंधार. तुम्ही कधी गायला नाहीत म्हणता, पण तुमचा कान आम्हा गाणाऱ्यांना लाजवेल. अब्दुल करीम खाँसाहेबसुद्धा स्वतःच्या हातानं वाद्यं दुरुस्त करायचे म्हणतात, मिरजेत राहून दुसरं काय होणार म्हणा.

आता खरं सांगायचं तर आवाज पहिल्यासारखा नाही. खर्ज थोडा जाडसर झालाय, तबली नवीन, घोडी नवीन, खुंट्या नवीन. आमचे हे एकदा म्हणाले, मग जुना राहिला तरी किती? मी म्हटलं भोपळा आहे, दांडी आहे, आणि ती घासलेली जागा आहे, मला पुरतं. तुम्ही आधीच सांगितलं होतंत की नवं लाकूड बसायला वेळ लागतो, रोज छेडत राहा, तो आपला बोलायला लागंल. छेडतेय. क्लासच्या पोरींनाही आळीपाळीनं त्याच्यावर बसवते, आणि त्यांना पहिल्याच दिवशी तुमच्याबद्दल सांगते.

यातली एकजण आता स्वतःचा तानपुरा घ्यायचा म्हणतेय, काळी चार पट्टीचा, तिला घेऊन दिवाळीनंतर येते. माझ्याही जवारीचं तेव्हाच बघू, पंचमाची तार जरा बंद वाटतेय. आणि चाचा, मागच्या वेळी "पुरातलं काम आहे" म्हणून निम्मे पैसे परत हातात कोंबलेत, यावेळी तसलं चालणार नाही, नातवाला आत्ताच सांगून ठेवते.

तुमची,
गावभागातली तानपुऱ्यावाली