आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

सरकारी खर्चानं चालणारं पाळणाघर सगळ्या मुलांना मिळावं, या आमच्या मागणीवरून रविवारी फोनवर बाबांशी वाद घालण्यात माझा अर्धा तास गेला, पण डोक्यात राहिला तो फोन ठेवता ठेवता आईनं विचारलेला प्रश्न. "म्हणजे आता आमची गरज नाही, असंच ना?" मी हसून वेळ मारून नेली. म्हणून हे पत्र.

आधी बाबांचं. बाबा, तुम्ही म्हणालात, मुलं सांभाळणाऱ्या बायकांनीच संप करायचा म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडायचं. संप वगैरे आम्ही ठरवलेला नाही, आमचं घोडं अजून निवेदनावरच्या सह्यांपाशीच अडलंय. पण समजा केलाच, तर? २४ ऑक्टोबर १९७५ ला आइसलँडमधल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी एक दिवस नोकरी, स्वयंपाक, मुलं, सगळं सोडलं. बापांनी मुलांना ऑफिसात नेलं. काही साहेबांनी कागद आणि रंगीत पेन्सिली आधीच आणून ठेवल्या होत्या. रेडिओवर बातम्या चालू असताना मागून पोरांचा आवाज ऐकू येत होता. मुलं वाऱ्यावर गेली नाहीत, बापांकडे गेली. पुढच्याच वर्षी तिथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला.

तुम्हाला वाटतं मी घोषणा देत फिरते. आमच्या पहिल्या बैठकीला आम्ही आठ जण होतो, चार पालक आणि पाळणाघरातल्या चार ताई. पहिलाच प्रश्न आला, बैठक चालू असताना मुलं कोण बघणार? (हसू नका.) आमच्यात एकच बाप होता, त्याला मुलांच्या खोलीत बसवलं. तासाभरानं तो घामाघूम होऊन बाहेर आला आणि तेव्हापासून सगळ्यात कडवा कार्यकर्ता तोच आहे.

मोकळं मात्र कोणी बोलेना. ताईंना धास्ती, पालक मालकिणीकडे तक्रार करतील. आम्हाला धास्ती, यांचा पगार वाढला की आमची फी वाढणार. शेवटी एका ताईनं उठून फळ्यावर हिशेबच मांडला. तान्ही मुलं असतील तर एका बाईकडे तीन, फार तर चार. त्याहून जास्त घेतली की लक्ष राहत नाही. म्हणजे तिचा अख्खा पगार, वर जागेचं भाडं, हे त्या तीन-चार घरांतूनच निघायला हवं. हे काम यंत्रावर होत नाही, घाई करून उरकताही येत नाही. रडणारं बाळ शांत व्हायला जेवढा वेळ घेतं तेवढा घेतंच. म्हणून आम्हाला फी परवडत नाही आणि त्यांना पगार पुरत नाही, दोन्ही एकाच वेळी खरं. शाळांचा खर्च सगळ्यांच्या करातून होतो तसा याचाही झाला, तरच ते गणित सुटतं. एकमेकींचं ओढून घेण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतंच, हे त्या फळ्यानं दाखवलं. त्यानंतर बैठका लांबायला लागल्या.

'मूल घरच्यांनीच वाढवावं' हेही तुमचंच. हा मुद्दा फार मोठ्या माणसांनी मांडलाय, बाबा. अमेरिकेत १९७१ साली सार्वजनिक बालसंगोपनाचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं होतं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ९ डिसेंबरला ते नकाराधिकार वापरून अडवलं, आणि त्यांच्या कारणांतलं एक हेच होतं. गंमत अशी की दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत बायका हव्या होत्या, तेव्हा त्याच देशानं सरकारी पैशानं पाळणाघरं चालवली होती. युद्ध संपलं, १९४६ मध्ये केंद्राचा पैसा बंद. बहुतेक ठिकाणी कुलपं लागली. कॅलिफोर्नियातल्या माता आणि शिक्षिका मात्र सरकारदरबारी खेटे घालत राहिल्या, पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळवत गेल्या, आणि १९५७ मध्ये तिथली योजना कायमची झाली. अकरा वर्षं! ज्या मुलांसाठी सुरुवात केली ती तोवर पाळणाघराच्या वयाची राहिलीच नव्हती. तुमच्या नातीच्या बाबतीतही बहुधा हेच होईल, हे मला माहीत आहे.

आणि जिंकलं तरी संपत नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात पालकांनी १९७० च्या दशकात स्वतःच पाळणाघरं चालवायला घेतली. त्यांच्या पायावर १९९७ मध्ये सरकारनं योजना आणली, पालकांनी दिवसाला पाचच डॉलर भरायचे, घरची मिळकत कितीही असो. नोकरी करणाऱ्या मातांची संख्या भराभर वाढली. पण जागा पुरल्या नाहीत, आणि २०२१ मध्ये तिथले पालक पुन्हा रस्त्यावर आले.

आता तुझं, आई.

तू आठ महिने येऊन राहिलीस. पोरीला कडेवर घेऊन तुझे गुडघे दुखायचे, हे मला तू परत गेल्यावर बाबांकडून कळलं. मी चिडले तुझ्यावर, आधी का नाही सांगितलंस म्हणून. पण सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? पाळणाघराच्या प्रतीक्षायादीत आमचा नंबर तेविसावा होता. ते ओळखूनच तू गप्प बसलीस. आमच्यातल्या एका ताईचंही असंच आहे. तिचं मूल तिची आई सांभाळते, म्हणून ती आमची मुलं सांभाळू शकते. त्या आजीचे गुडघे कोणत्याच हिशेबात नाहीत.

मला तू हवी आहेस. पण कंटाळा आला तर दुपारी पुस्तक घेऊन आडवी होणारी, परत जावंसं वाटलं तर बेधडक सांगणारी. तू पिशवी भरलीस की माझी नोकरी धोक्यात येते, असं पुन्हा व्हायला नको आहे.

निवेदनाचा मसुदा सोबत पाठवतेय. बाबा, लाल पेन काढा. 'सार्वत्रिक' (सगळ्या मुलांसाठी) आणि 'सार्वजनिक' (सरकारी खर्चानं) यांत आम्ही बराच घोळ घातलाय, आम्हाला दोन्ही हवेत. आई, तिसऱ्या पानावर आजी-आजोबांविषयी एक वाक्य आहे. मीच लिहिलंय, आणि ते मला अजून जमलेलं नाही. पटलं नाही तर खोड, पण मग त्या जागी काय यायला हवं ते तुझ्या हातानं लिहून पाठव.

तुमची,
लेक